आबांनी एकदाच दाबलेलं बटण

"गेलं का गं?" आबांनी विचारलं. सांगलीच्या दवाखान्यात दुपारची वेळ. नाकात नळी, डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडलेल्या, प्रत्येक शब्दाला छाती दाबून धरावी लागत होती. मी म्हणाले, "गेलं, आबा. सगळ्यांनी वाचलं." हे धडधडीत खोटं होतं. त्यांनी डोळे मिटले, तोंडावरचा ताण सैल झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्यांनी जे लिहिलं होतं ते तेव्हा कुणीही वाचलं नव्हतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. लष्करात हवालदार होते, निवृत्तीनंतर कडेगावजवळच्या आमच्या गावी ऊस बघायचे. अशा लेखात माणूस शिस्तप्रिय आणि परोपकारी होता असं लिहायची रीत आहे. मी ते लिहिणार नाही. आबांचा हात फार लवकर उठायचा. बैल, बायको, पुतणे, ज्याची पाळी येईल त्याला मार बसायचा. एकदा त्यांनी माझ्या भावाला, विक्रमला, पितळी तांब्या फेकून मारला. भुवई फाटली, रक्तानं सदरा भिजला... आणि मग त्याच आबांनी त्याला खांद्यावर टाकून दोन मैल पळत डॉक्टरांकडे नेलं. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, तेव्हा जे काही होतं ते आम्हा दोघा भावंडांचं. मला ते आवडायचे. हे लिहितानाही लाज वाटते, पण आवडायचे.

मी सांगलीत वेबसाइट बनवायचं काम करते. गेल्या थंडीत आबा एसटीनं माझ्या ऑफिसात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "सुजे, मला एक वेबसाइट करून दे. लिवायचं हाय." मला वाटलं लष्करातल्या आठवणी असतील, बर्फातले फोटो असतील. मी त्यांना अगदी सोपी रचना करून दिली. मजकुराचे, मथळ्याचे, चित्राचे चौकोन असतात, एकेक उचलायचा आणि हवा तिथे ठेवायचा. नव्या साइटवर नमुना म्हणून एक नोंद आधीच असते, ती पाहून आबा भडकलेच. "ह्यो कोन? माज्या जागंत माज्याआदी कोन घुसला?" मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी ती उडवूनही टाकली. पुढचे तीन रविवार ते येत राहिले. एका बोटानं टाइप करायचे, तेही असं की कीबोर्डशी जुनं वैर असावं. एकदा तर कळ उखडून टेबलाखाली गेली. काय लिहिताय विचारलं की स्क्रीन हातानं झाकायचे. जाताना मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि सांगितलं, "सगळं मनासारखं झालं की वर उजव्या कोपऱ्यातलं 'प्रसिद्ध करा' दाबायचं." एवढंच सांगितलं.

महिन्याभरानं फोन आला. "रविवारी ये. पहिलं पान सोडायचंय. पंच बोलावल्यात."

"आबा, वेबसाइटला पंच कशाला?"

"पंचांबिगर पंचनामा हुतो व्हय गं?"

मी हसले. म्हाताऱ्याची हौस समजून कंदी पेढे घेऊन गेले. सकाळी दहाला सोप्यात माझे वडील आण्णा, विक्रम आणि भावकीतले तिघे बसले होते. चहा झाला. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लॅपटॉप समोर ठेवून ते उभे राहिले आणि परेडच्या आवाजात वाचू लागले.

काय वाचलं ते कळायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. बावीस वर्षांपूर्वी आण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं कोयत्यानं तुटली. गावाला आणि आम्हाला सांगितलं गेलं की आमच्या शेतात पाणी पाजणाऱ्या किसननं वार केला. किसन बौद्धवस्तीतला. आबा तेव्हा सुट्टीवर आले होते. त्यांनी किसनला चावडीसमोर आणून लष्करी पट्ट्यानं झोडपलं. मी अकरा वर्षांची होते, आईच्या पदराआडून बघत होते. पट्टा पाठीवर पडला की फट्ट असा ओला आवाज यायचा. किसन एवढंच म्हणाला, "आबा, तुमी तितंच हुता की..." त्यासरशी आबांनी पट्टा उलटा धरला आणि पितळी बक्कल त्याच्या डाव्या कानावर मारलं. कानातून रक्ताची धार मानेवर आली. शंभरेक माणसं उभी होती. कुणी हात धरला नाही. आठ दिवसांत किसन बायकापोरांना घेऊन फलटणकडे निघून गेला. त्यांच्या टेम्पोवर पोरांनी दगड मारले, त्यात सोळा वर्षांचा विक्रम सगळ्यांच्या पुढे होता.

आणि आता आबा वाचत होते : "पाण्याची पाळी कुणाची यावरून उसात माझं आणि धाकट्या भावाचं भांडण झालं. मी कोयता उचलला. भावानं हात आडवा घातला. त्याची बोटं मी तोडली. किसन उसाला पाणी द्यायला दारं धरत होता, त्यानं बघितलं. त्यानं तोंड उघडू नये म्हणून मी त्याला मारलं. केस झाली असती तर माझी नोकरी गेली असती, म्हणून भाऊ गप बसला. किसन निर्दोष आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरानंच संन्याशाला फाशी दिली होती, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

सगळ्यांच्या माना आण्णांकडे वळल्या. आण्णा डाव्या हातानं उजवा पंजा झाकून जमिनीकडे बघत होते. आबा वाकले, बटण दाबलं आणि म्हणाले, "बगितलं न्हवं पंचांनी?"

विक्रम उठला. "माज्या बापाचा हात तोडलास आन् बावीस वर्सं त्येच्याच पंगतीला जेवलास?" पहिली लाथ आबांच्या पोटात बसली. ते भिंतीला टेकले. मग त्यानं लोखंडी खुर्ची उचलली. बरगडी मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, वाळका ऊस मोडावा तसा. मी विक्रमच्या हाताला लोंबकळले, त्यानं मला झटकून उंबऱ्यावर आपटलं. दुसरा घाव, तिसरा घाव. ज्या माणसानं जन्मभर ज्याच्यात्याच्यावर हात उचलला, त्यानं त्या दिवशी हात आडवासुद्धा घातला नाही. "मार," म्हणाले, "पर त्ये पान ऱ्हाऊ दे." तेव्हा विक्रमनं लॅपटॉप अंगणात नेऊन पहारीनं ठेचला. भावकीतला एक म्हातारा ओरडत होता, "फोड, फोड ती वेबसाइट!" वेबसाइट अंगणात नसते हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. मी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर पाहिलं... पान कोरं होतं. 'प्रसिद्ध करा' दाबलं की बाजूला एक पट्टी उघडते आणि नक्की का, असं पुन्हा विचारते. तिथं तेच बटण दुसऱ्यांदा दाबावं लागतं. आबांनी एकदाच दाबलं होतं. मजकूर मसुदा म्हणून जपलेला होता, पण जगासाठी तो नव्हताच. दुसऱ्यांदा दाबायचं, हे सांगायला मी विसरले होते.

दवाखान्यात आण्णांनी डॉक्टरांना सांगितलं, "न्हाणीत पाय घसरला." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली. नऊ दिवस आबा तिथे होते. छातीत पाणी झालं, न्यूमोनिया झाला, कागदावर तेच कारण लागलं. त्या नऊ दिवसांत एक बोट लावलं असतं तरी पान जगाला दिसलं असतं. मी लावलं नाही. बाप उघडा पडेल, भाऊ तुरुंगात जाईल, माहेर तुटेल... घाबरले होते, दुसरं काही नाही. ज्यानं बरगड्या मोडल्या त्या विक्रमनंच अग्नी दिला. तेराव्याच्या पंगतीत तो गोटा केलेलं डोकं घेऊन बुंदी वाढत होता आणि भावकी म्हणत होती, "आबांसारका मानूस न्हाई. झालं, इषय संपला." मी हातातला घास पानात टाकून उठले. दुसऱ्या दिवशी मी फलटणची गाडी पकडली.

किसनकाकांचा मुलगा साखर कारखान्यात आहे, घर सापडायला वेळ लागला नाही. काका वाळले होते. मी ओळख सांगितली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं नाही, हेच पुष्कळ. उजव्या बाजूला बसायला सांगितलं, डावा कान कामाचा नाही म्हणाले. मी आबांचं पान मोबाइलवरून वाचून दाखवलं. आबांनी घरी पाच पंच बसवून ते कसं मोठ्यानं वाचलं, तेही सांगितलं.

"पाच जनांम्होरं बोललं व्हय आबा असं?"

"हो, काका."

"मला न्हाई बोलावलं त्ये पंचात."

मग त्यांनी विचारलं, "आन् गेलं कशानं?" मी "न्हाणीत..." म्हणाले आणि थांबले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. अशी थाप त्यांनी माझ्या आधी ऐकलेली होती. मग मी खरं काय झालं ते सांगितलं. खुर्ची, पहार, डॉक्टरांसमोर डोलावलेली मान, सगळंच.

"पोरी," ते म्हणाले, "मी तवा खरं बोललो तर कान गेला. तू तर अजून बोललीबी न्हाईस."

तिथेच, त्यांच्या कॉटवर बसून, आबांच्या शेवटच्या ओळीखाली मी नवा चौकोन उघडला. काय पाहिलं ते लिहिलं. विक्रमचं नाव लिहिलं, आण्णांचं लिहिलं, माझं लिहिलं. बटण दाबलं. पट्टी उघडली, नक्की का म्हणून विचारणारी. मी फोन काकांपुढे धरला. त्यांनी बोट शर्टाला पुसलं, "कुटं?" म्हणाले, आणि दाखवलं तिथं दाबलं. आता पोलीस यायचे ते येतील. आण्णा माझ्याशी बोलत नाहीत, विक्रमनं फोनवर काय शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत.

पण फलटणमधली ती दुपार तिथे संपली नव्हती. काकांनी विचारलं, "आता ह्ये गावात दिसंल?" दिसेल म्हटलं. ते हळूच म्हणाले, "गावाचं ऱ्हाऊ दे. हिला वाचून दाव. बावीस वर्सांत हिनं मला एकदाच इचारलं हुतं, खरंच तुमी केलं न्हाई न्हवं... त्ये अजून डोस्क्यातनं जाईना झालंय." त्यांच्या बायको, पारूकाकू, चहाचा कप धरून स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या होत्या. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.