पडवीतलं दुखणं

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या आसपासची ही गोष्ट. माझं माहेर अकोल्याचं, सासर चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात. शेत काळं, थोडी संत्र्याची झाडं, आणि घरात शब्द सासूबाईंचा. लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं आणि कूस उजवली नव्हती. त्या हिवाळ्यात पाळी चुकली. महिना उलटून गेला तशा सासूबाई दुधावरची साय माझ्या वाटीत टाकू लागल्या, भरली घागर माझ्या हातातून काढून घेऊ लागल्या. तोंडानं मात्र अक्षर नाही. दृष्ट लागेल म्हणून.

मग एका सकाळी लुगड्याला डाग दिसला. मी सांगितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. "कावळा शिवला. जाय, बस बाहेर," एवढंच म्हणाल्या. मागच्या पडवीत घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. त्या दिवसांत बाईला कोणी शिवायचं नाही, हे माहेरीही होतंच. मी मॅट्रिक झालेली, पण विटाळ पुस्तकात नव्हता, त्यामुळे शंका घ्यायचं सुचलंच नाही. संपलं सगळं असं वाटून पोटभर रडले.

पण हे नेहमीसारखं नव्हतं. अंगावर जायचं थोडंच आणि काळपट, आणि ओटीपोटात एका बाजूला सारखी कळ. दुसऱ्या दिवशी दुपारी आत काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. मी घामाघूम झाले. थोड्या वेळानं खांदा दुखू लागला. पोट दुखणं समजण्यासारखं, पण खांदा? मी काही औत धरलं नव्हतं.

सासूबाई उंबऱ्यात आल्या. "खांद्याले का झालं आता?" म्हणत त्यांनी गरम मिठाची पुरचुंडी दुरूनच माझ्याकडे टाकली. पडवीत उजेड कमी. "पांढरी पडून राहिली तू. जेवत नाही काही," म्हणाल्या आणि भाकर सरकवून गेल्या. कोणी एकदा कपाळाला हात लावला असता तर अंग गार पडत चाललंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला त्याचा आजही राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

पाणी घ्यायला उठले आणि कोसळले. तांब्या गडगडत गेल्याचं ऐकू आलं. मग कोणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्या सासूबाई होत्या. माझा पदर लागला तरी डोक्यावरून पाणी घेणारी ही बाई माझे गाल चोळत ओरडत होती, "पोरगी थंडीगार पडली! गाडी जुपा!" सडकेला अमरावतीला निघालेला संत्र्याचा ट्रक भेटला. अमरावती येईपर्यंत त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, पोट चाचपलं, आणि आमच्या ह्यांना सांगितलं, "पोटात रक्त साचलंय. आत्ता उघडलं नाही तर बाई हाती लागणार नाही." ह्यांचं रक्त जुळलं नाही, सोबत आलेल्या दिराचं जुळलं. ते मला चढवलं आणि पोट उघडलं.

चार दिवसांनी बाईंनी समजावलं. गर्भ पिशवीत रुजायचा, तो वाटेतल्या नळीतच रुजला. नळी पिशवीसारखी वाढत नाही, गर्भ मोठा होतो तशी फुटते. तसला गर्भ कुणालाच वाचवता येत नाही. फुटलेली नळी काढून टाकली, म्हणून मी वाचले.

"मंग खांदा काहून दुखत होता?" सासूबाईंनी विचारलं.

"पोटातलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागतं. त्याची कळ खांद्यात उठते."

"अन् ते अंगावर गेलं, तो विटाळ नव्हता?"

"नाही. पाळी नव्हतीच ती. गर्भ बिघडल्याचं रक्त होतं ते."

सासूबाई लुगड्याचं टोक पिळत बसल्या. एक नळी शाबूत आहे, मूल होऊ शकतं, पण पाळी चुकली की लगेच या, असं बाईंनी बजावलं.

घरी आले. मी ना बाळंतीण, ना सुतकातली. डिंकाचे लाडू नाहीत आणि समाचाराला कोणी येणं नाही. माझं एक लेकरू गेलं होतं आणि ते म्हणायलाही जागा नव्हती.

पुढच्या पाळीला मी पुन्हा पडवीत. रीत मोडणाऱ्यांतल्या सासूबाई नव्हत्याच. पण संध्याकाळी त्या आत आल्या, खाली बसल्या, माझ्या कपाळावर हात ठेवला. नखं दाबून लाली येते का ते पाहिलं. "खांदा दुखते का?" विचारलं. मी नाही म्हटल्यावर उठल्या आणि थंडीत विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

हे दर महिन्याला झालं, वर्षानुवर्षं. त्या हातानं मला धीर यायचा आणि त्याच हाताची मला धास्तीही वाटायची, कारण तो कपाळावर आला म्हणजे याही महिन्यात काही नाही.

एकदा दिवस वर गेले. सायीची वाटी पुन्हा माझ्यापुढे आली. अमरावतीला जायचं ठरलं, आणि निघायच्या आदल्या दिवशीच मी पडवीत जाऊन बसले. सासूबाई आल्या. नखं पाहिली.

"खांदा दुखते का?"

"नाही, आत्याबाई. नेहमीचंच आहे."

त्यांनी हात काढला नाही. अंधार पडला, आतून कोणीतरी दिवा लावायला हाक मारली, तरी त्या विहिरीकडे गेल्या नाहीत.