पुसलेला सात

ओल्या पाटीला एक वास असतो, भिजलेल्या दगडाहून थोडा कडवट. सांगलीच्या कॉलेजातल्या त्या वर्गात तो पेठेतून येणाऱ्या हळदीच्या पिवळ्या वासात मिसळत असे.

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत आम्ही कुणी काँप्युटर पाहिला नव्हता. गणिताचे सर त्याचे धडे पाट्यांवरच देत. फलन, म्हणजे फंक्शन, काय असते, तर आपले एकच काम जाणणारा माणूस. त्याला तेच दिले की तो तेच उत्तर देतो, आणि आलेल्या आकड्याला धक्का लावत नाही. नवे उत्तर नव्या पाटीवर.

पुण्याला ते यंत्र दाखवायला सर एकीलाच नेणार होते. निवडीसाठी त्यांनी दोन रांगा केल्या; जिची रांग चुकेल ती बाद. एकीच्या पुढे मी, साताऱ्याची, कवितांवर वाढलेली. दुसरीच्या पुढे माझ्या खोलीतली मैत्रीण, कडेगावच्या एका सुभेदारांची मुलगी. सरांनी निवडले तरच वडील तिला पुढे शिकू देणार होते. नाहीतर उन्हाळ्यात लग्न.

टेबलावरच्या पाटीवरचा आकडा रांगेतल्या पहिलीनेच पाहायचा. मी तो दुप्पट करायचा, माझ्यामागचीने त्यात तीन मिळवायचे. दुसऱ्या रांगेत हीच कामे उलट्या क्रमाने. ती रांग तोवर व्हरांड्यात थांबली.

पाटीवर सात होता. सर फळ्याकडे वळलेले. मी जिभेला लावलेला अंगठा सातावरून फिरवला, तिथेच चौदा लिहिले, मागे दाखवले आणि पाटी परत ठेवली. लहानपणापासून हाताला हेच ठाऊक होते. आमचे उत्तर सतरा आले. बरोबर.

मग तिची रांग आत आली. उत्तर आले चौतीस. सरांच्या कागदावर वीस होते.

“सुभेदारांच्या लेकीला सात आणि तीन जमेनात?” सर म्हणाले. वर्ग हसला. पुण्याला मी जाणार, हे ठरले.

ती मात्र टेबलाशी उभी राहून बोटांवर पुन्हा मोजत होती. चौदा आणि तीन सतरा, सतरा दुणे चौतीस. तिचे काम चोख होते. ते उमगले तेव्हा माझ्या कानांतले सगळे हसणे एकदम विझले, आणि पायांखालची फरशी गार लागली.

मी उठले. खडूने पांढरा झालेला अंगठा पुढे केला आणि सात मीच पुसला असे सांगितले.

तिने मान वळवली. वर्षभर माझ्या ताटात जेवलेली ती मुलगी माझ्याकडे अनोळखी बाईकडे पाहावे तशी पाहत राहिली. मग म्हणाली,

“तू?”