तीनवर थांबलेलं रॉकेट

आमच्या शाळेच्या अंतराळ संग्रहालयात पूर्वी तांदळाची पोती होती. शिवाय मटकी, मसूर, तेलाचे डबे, आणि या सगळ्यावर राज्य करणाऱ्या खिचडीच्या मावशी. अहमदपूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, मी तिथली विज्ञानाची मॅडम. वय पन्नाशीला टेकलेलं आणि हौस पाचवीतल्या पोरीची.

ही हौस लागली एका प्रशिक्षणाच्या वेळी. दूरच्या शहरात आम्हाला खरंखुरं अंतराळ संग्रहालय दाखवायला नेलं होतं. बाकीचे शिक्षक दहा मिनिटांत चहाला पळाले. मी रॉकेटखाली मान वर करून जी उभी राहिले, ती मला दोघींनी दंडाला धरून बसमध्ये बसवलं. नांदेड येईपर्यंत मी एकटीच बोलत होते. शेजारच्या बाई कधीच झोपल्या होत्या, पण म्हणून मी थांबले नाही.

परत आल्यावर पोरांना कामाला लावलं. मडक्यावर कागदाचा लगदा थापून चंद्र झाला. पुठ्ठ्याचे ग्रह झाले. मोठं रॉकेट मात्र पत्र्याचंच हवं होतं, म्हणून अहमदपूरला धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या वेल्डरकडे गेले. त्यानं माझं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"मॅडम, ह्याला धान्य काढायचं दार कुठं ठिवू?"

"अहो, यात धान्य नाही, माणूस बसतो."

"मंग खिडकी ठिवतो. गुदमरून मरंल बिचारा."

त्यामुळे आमच्या रॉकेटला सरकवायची खिडकी आहे, कडीसकट.

इतकं सगळं जमलं, पण ठेवायचं कुठं? व्हरांड्यात ठेवलं तर तिसऱ्या दिवशी शनीची कडी शेळीनं खाल्ली. गुरू अर्धा राहिला. शाळेत मोकळी अशी एकच खोली, ती धान्याची. मी मावशींपुढे लाडीगोडी लावून पाहिली. त्या तांदूळ निवडत होत्या, मानही वर केली नाही.

"चंद्राला उंदीर लागत न्हाईत, मॅडम. तांदळाला लागतेत. उद्या पोतं खराब झालं तर माजं काम जाईल. मंग तुमचा चंद्र येनार का माज्या घरी भाकरी थापायला?"

बाई खरंच बोलत होत्या. मी वरिष्ठांकडे, म्हणजे मुख्याध्यापक सरांकडे गेले. सर शांतताप्रिय माणूस. म्हणाले, "शनिवारी व्यवस्थापन समितीची बैठक आहे. त्यांना काहीतरी दाखवा. ते हो म्हणाले तर खोली तुमची. नाही म्हणाले तर हा पसारा पोरांच्या घरी वाटून टाका."

पसारा! सहा महिन्यांची सूर्यमाला, आणि पसारा!

मग मी ठरवलं की उडवूनच दाखवायचं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्यानं मला पाण्याचं रॉकेट शिकवलं होतं. थंड पेयाची बाटली एक तृतीयांश पाण्यानं भरायची, तोंडाला घट्ट बूच, बुचातून सायकलचा व्हॉल्व्ह, आणि उलट्या उभ्या बाटलीत खालून पंपानं हवा. दाब वाढला की बूच सुटतं, पाणी खाली, बाटली वर. आम्ही शुक्रवारी तालीम केली. पंचविसाव्या दट्ट्याला बूच सुटायचं. म्हणून पंपावरच्या पोरानं पंधरा दट्टे गुपचूप मारायचे आणि सोळाव्यापासून मी माइकवरून दहा, नऊ, आठ म्हणायचं. एका आकड्याला एक दट्टा. बघणाऱ्याला वाटावं, मॅडमच्या आवाजानंच रॉकेट उडालं!

भोवती मी पांढऱ्या फक्कीचं मोठं वर्तुळ आखलं आणि बजावलं, आत कोणी यायचं नाही. शनिवारी पाहते तर सोफा आणि खुर्च्या बरोब्बर वर्तुळात! सरांना विचारलं तर तेच चकित झाले. "मॅडम, पाहुण्यांना पोरांच्या मागं कसं बसवायचं?"

बरं, पाहुणे वेळेवर येतील तर शपथ. पोरं उन्हात बसून कंटाळली. शेवटी मी सरांची परवानगी घेऊन सुरू केलं. पंधरा दट्टे झाले. मी आवाज खोल काढला. दहा! नऊ! पोरं माझ्यासोबत ओरडू लागली. पाच! चार! तीन!

"थांबा, थांबा!" सर धावत आले. "अध्यक्ष आले! आधी सत्कार!"

आणि मोजणी तीनवर थांबली.

आमच्याकडे सत्कार म्हणजे सत्कार. अध्यक्षांना शाल, श्रीफळ, फेटा. सदस्यांना प्रत्येकी टॉवेल-टोपी. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. मी माइक धरून उभी, एक डोळा पाहुण्यांवर, एक बाटलीवर. बाटली फुगून टणक झालेली, आणि बूच केसाकेसानं सरकत होतं. हवा सोडायची तर हात लावावा लागेल, आणि हात लावला तर सुटेल. मी सरांच्या कानात म्हटलं, "सर, सोफा मागं घ्या."

"भाषण झाल्यावर," सर म्हणाले.

अध्यक्ष उठले. साठीचे शेतकरी, आवाज दणकट. "मॅडम हुशार हायत, वाद न्हाई. पन मी म्हंतो, आपल्या गावाला आभाळात काय काम हाय? आपलं समदं जमिनीवर. म्हनून मला वाटतं, ती खोली काही—"

फट्ट!

बाटली गेली वर आणि पाणी आलं खाली. अध्यक्ष फेट्यापासून चपलेपर्यंत भिजले. सोफ्यावरचे सदस्य भिजले. मी मनात बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

अध्यक्ष मात्र आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हते. ते वर, कडुलिंबाच्या शेंड्याकडे बघत होते, तोंड उघडं.

"लिंबाच्या वर गेलं की ओ!" ते म्हणाले. "परत उडवा!"

मग काय सांगू! एक सदस्य पंपाला भिडले. "सरका. सोयाबीनवर दिसभर फवारा मारनारा हात हाय." दुसरे म्हणाले, "तुमचा हात बघितलाय, निम्मं तण तसंच ऱ्हातंय." पैजा लागल्या. अध्यक्षांनी माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावासारखं पुकारू लागले, "एक वार! दोन वार!" पोरांनी सांगितलं, उलटं मोजायचं असतं. ते म्हणाले, "उडतंय न्हवं? मंग!"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. मी पंप त्यांच्यापुढे धरला.

"मी न्हाई बाई."

"एकदाच."

त्यांनी पदर खोचला आणि असे दट्टे हाणले की बूच विसाव्यालाच सुटलं. बाटली आडवी सुसाट गेली ती थेट सरांच्या खोलीच्या खिडकीवर. धाडकन आवाज झाला. मावशी घाबरून धावल्या. आम्हीही. खिडकीच्या जाळीला ओरखडासुद्धा नव्हता.

मावशींनी जाळी बोटानं दाबून पाहिली. मग आत डोकावल्या. फरशी पाहिली, दाराखालची फट पाहिली. फट नव्हतीच.

"अध्यक्षसाहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "हितं उंदीर येऊ शकत न्हाई. वर पंखा बी हाय. माजा तांदूळ हितं लई सुखात ऱ्हाईल."

"अहो, पण मी..." सर म्हणाले.

"तुमाला कुठं उंदीर खातेत, साहेब?"

समितीनं उभ्या उभ्या ठराव केला. अध्यक्षांची सही पाण्यानं पसरली आहे, रजिस्टरमध्ये अजून दिसते. सदस्यांनी त्याच ओल्या कपड्यांनी पोती पाठीवर घेतली आणि मावशी कुठली कुठं लावायची ते सांगत राहिल्या. संध्याकाळच्या आत चंद्र धान्याच्या रिकाम्या खोलीत गेला, मी माझ्या हातानं नेला.

सर अजूनही पोत्यांमध्येच बसतात. टेबलापर्यंत जायला आडवं होऊन सरकावं लागतं. कोणी भेटायला आलं की त्याला मसुरीच्या पोत्यावर बसवतात, आणि तो फार वेळ बसला तर मावशी येऊन उठवतात.