जपून ठेवलेली गाणी

दर मोसमात मोर्शीहून भाऊच्या बागेतली संत्री घेऊन त्याचा गडी नारायण आमच्या जठारपेठेतल्या घरी येतो. या खेपेला तो रिकाम्या हाताने आला. मी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काहून रे, पेट्या कोठी हायेत?" तो ओट्यावर टेकला, खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात धरला आणि म्हणाला, "पेट्या नाही आनल्या बाई… मालक वारले. परवा पहाटे छातीत कळ आली, डाक्टर येईस्तोवर काहीच उरलं नोयतं." रडू मला नंतर आलं. आधी आला तो राग. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तो राग अजून गेलेला नाही, आणि तो कशाचा हे सांगितल्याशिवाय माझा भाऊ तुम्हाला कळायचा नाही.

भाऊ माझ्याहून बराच मोठा. काळीची शेती, संत्र्याची बाग, नाकासमोर चालणारा माणूस. पण ऐन तरुणपणी अमरावतीला अडत्याच्या पेढीवर त्याने चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, ऐकला आणि बिघडला. पुढे दरवर्षी कापसाच्या गाड्या रिकाम्या झाल्या, की तो फोनोच्या दुकानात जायचा आणि तबकड्या छातीशी धरून घरी यायचा. त्याच्या आवडीला जातपात नव्हती. ख्याल, ठुमऱ्या, नाटकातली पदं, कव्वाल्या, भजनं, लावण्या, सनई, पोवाडे, नवरा-बायकोच्या भांडणाचा एक विनोदी संवाद, मद्रासकडच्या एका बाईचं गाणं, ज्यातला एक शब्द कुणाला कळत नसे, आणि विलायती बँडची एक तबकडी, जी लागली की गोठ्यातले बैल कान टवकारायचे. वहिनी म्हणायची, "यायले बाजारातून धड वांगे निवडता येत नाहीत, अन् गाने पाहा कसे निवडून आनतात!" भाऊ हसायचा. तेव्हा तो फार हसायचा.

पण दुकानदाराने त्याच्या डोक्यात एक गोष्ट भरवून दिली होती. सुई फिरली, की तबकडी थोडी थोडी झिजते. झालं! भाऊने ती मनाशी गाठ बांधली ती कायमची. दसरा, दिवाळी, रामनवमी एवढ्यालाच फोनो उघडायचा. आळीतली माणसं, मळ्यातली माळ्यांची बायकापोरं, सगळी अंगणात जमायची. भाऊ चार-दोन तबकड्या लावायचा आणि झाकण बंद. "आनखी एक लावा ना जी," लोक अजिजीने म्हणत. भाऊ मान हलवायचा. लागोपाठच्या सणांना तेच गाणं लागलं असं कधी झालं नाही, इतक्या तबकड्या होत्या. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, आनतं कायले मंग? लोनचं घालाले?" तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाला, "गोदे, आज ऐकून झिजवल्या, तं म्हातारपनी काय ऐकू? ही कापसाची, संत्र्याची दगदग एकदाची सरू दे. मंग मी निवांत बसतो. तू बी येजो. सकाळपासून ऐकू, पार दिवे लागेस्तोवर." इतकं गोड बोलला, की मी मनात ते दिवस मोजू लागले.

मग लढाई आली आणि सुया मिळेनाशा झाल्या. जुन्या बोथट सुईने तबकडी खरवडते म्हणून भाऊने सणाचंही ऐकणं बंद केलं. कुणी सांगितलं म्हणून बाभळीचा काटा लावून पाहिला. आवाज मऊ आला, छान आला, पण याला धीर झाला नाही. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. लाखेची तबकडी ती, वैशाखात वाकते. एरवी माजघरात वाळ्याच्या भिजवलेल्या ताट्या लावून तो त्या सांभाळायचा, पण ओलीने पाकिटांना बुरशी धरू लागली. तेव्हा त्याला पेव सुचलं. आमच्या अंगणात जमिनीखाली ज्वारीचं पेव आहे, आत ऊन नाही, वारा नाही. "ज्याच्यात धान्य वर्सानुवर्स टिकते, त्याच्यात तबकड्या टिकनार नाहीत काय?" तो म्हणाला. आम्हाला सगळ्यांना ती युक्ती भारी वाटली. पत्र्याच्या पेट्या ज्वारीत पुरल्या आणि तोंड शेणामातीने लिंपलं. त्या साली खळ्यावर अवकाळी पावसाचा शिपका पडला होता, ज्वारी पुरती वाळली नव्हती. हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. ओली ज्वारी पेवात तापते, हे शेतकऱ्याच्या घरात लहान पोरही सांगेल. एरवी ज्वारीसाठी ते आठवतं, त्या दिवशी तबकड्यांच्या नादात कुणाला आठवलं नाही. जेठात पेव फोडलं तेव्हा आतून आंबूस वाफ आली. दिवसभर ते उघडं ठेवून मग गडी खाली उतरले. पेट्या वर आल्या त्या हाताला गरम लागत होत्या. आतल्या तबकड्या ओल्या पापडांची चळत वाळावी तशा एकमेकींवर वाकून बसल्या होत्या. एकही सपाट राहिली नव्हती. भाऊने काचांच्या मध्ये धरून, उन्हात ठेवून काही सरळ करून पाहिल्या. त्या तडकल्या.

यंदा भाऊबिजेला मी मोर्शीला गेले, ती आमची शेवटची भेट. तो माजघरात बसला होता, मांडीवर एक वाकडी तबकडी. एका बाईची ठुमरी होती ती, जुन्या चालीप्रमाणे गाणं संपल्यावर बाई आपलं नाव सांगायची. "हे कसं होतं वं, गोदे?" त्याने विचारलं. डोळे मिटले, तोंड उघडलं… आणि तसाच राहिला. मीही आठवून पाहिलं. दोन-तीन दसऱ्यांना ऐकलेलं गाणं, कितीसं आठवणार? बाईचं नाव आम्हा दोघांनाही आठवलं. गाणं आठवेना. आमच्या जठारपेठेत चहाच्या दुकानात एक फुटकी तबकडी दिवसभर घासते, पोरासोरांना ती तोंडपाठ आहे. आणि अख्ख्या तालुक्यात नसतील इतकी गाणी ज्याच्या घरात होती, त्याला एक ओळ गुणगुणता येत नव्हती. "राहूनच गेलं वं," तो म्हणाला. मी त्याला काही धीर दिला नाही, खोटं काय बोलू?

तेरवी झाल्यावर मी चार दिवस वहिनीपाशी राहिले. दुपारची कामं आटोपली, की ती पेटी उघडून बसायची आणि जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने एकेक तबकडी गोल गोल पुसायची. मला ते बघवेना. म्हटलं, "काहून पुसून राहिली वैनी? वाजत नाहीत त्या."

"नाहीच वाजत."

"तुले कोनतं गानं आवडे?"

"मले?" तिने फडकं उलटं केलं. "लोक जमले का मी चुलीपाशी राहो, चहा करत. पुरं असं एकबी नाही ऐकलं." मग खाली मान घालून पुन्हा पुसू लागली. "पन त्यायनं सांगतलं होतं बाप्पा… धूळ बसू देली, का आवाज जाते."

हातातली तबकडी तिने पाकिटात सारली आणि पुढची काढली.