बिब्ब्याची खूण

सोनाळ्याहून निघताना माझ्याबरोबर चार सदरे, तीन चड्ड्या, दोन टोप्या आणि एक पंचा होता. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला मायने लाल धाग्याने दोन फुल्या घातल्या होत्या. तिला लिहिता येत नव्हते. आम्ही तीन भाऊ. कपडे एकाच दोरीवर वाळत आणि उंचीत फारसा फरक नसल्याने सकाळी त्यांवरून भांडणे होत. म्हणून थोरल्याला एक फुली, मला दोन, धाकट्याला तीन. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

देऊळगाव राजाला बाबांचे थोरले चुलतभाऊ राहत. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला मोठी माय. त्यांना मूल नव्हते. मला दत्तक द्यायचे बाबांनी कबूल केले होते. मायने केले नव्हते. शेवटी तोड निघाली ती अशी: मी शाळेसाठी म्हणून तिकडे राहायचे. अखजीला, म्हणजे पुढच्या अक्षय तृतीयेला, मायने हो म्हटले तर विधी होईल; नाही म्हटले तर बाबा मला परत आणतील. तिच्या तोंडून होकार आल्याशिवाय मूल घेणार नाही, असे मोठ्या बाबांनीच सांगितले होते. यातले मला कोणी काही सांगितले नाही. मी दाराआडून ऐकले.

वरवट बकालवरून शेगावपर्यंत बैलगाडी, पुढे खामगाव, चिखली असे मोटारीने आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असे छापलेला माझा दाखला उलटसुलट पाहिला आणि वडिलांचे नाव विचारले. मोठे बाबा म्हणाले, "तेवढी जागा सध्या कोरी ठेवा." मास्तरांनी ठेवली.

त्या घरात मला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही, कामाला लावले नाही. ताटात तूप असे. मधल्या सुट्टीत मोठी माय स्वतः डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राही. पोरे माझ्या बोलीची थट्टा करत ओरडत, "ए सोनाळ्या, आली बघ तुझी. तुले-मले कर तिच्याशी!" नदीवर जायची मला परवानगी नव्हती, झाडावर चढायची नव्हती, मोटार उभी राहते त्या नाक्याकडे तर अजिबात नव्हती. रस्त्यावरचे दार दिवसभर उघडे असे आणि मोठी माय दिवसभर ओसरीवर बसलेली असे. तक्रार करावी असे काही घडत नव्हते. त्यामुळे परत न्या, असे पत्रात लिहायलाही काही सापडत नव्हते.

सोनाळ्याला माय घरीच धुणे धुई. इथे दर सोमवारी वरठी, म्हणजे धोबी, येऊन गाठोडे घेऊन जाई. गल्लीतल्या अकरा घरांचे कपडे तो एकाच भट्टीत वाफवी आणि नदीवरच्या दगडावर आपटी. तिसऱ्या धुण्यात मायच्या फुल्या निघून गेल्या. चौथ्या धुण्यानंतर माझा सदरा समोरच्या घरातल्या मुलाच्या अंगावर दिसला. मोठ्या मायने तो भर रस्त्यात त्याच्या अंगावरून उतरवून आणला. मोठ्या बाबांनी शाईने माझे नाव लिहून पाहिले. पुढच्या सोमवारी तिथे निळा डाग उरला. मग ओसरीवर बैठक झाली. मोठी माय, वरठी आणि शेजारचे दर्जी, ज्यांना सारी गल्ली चाचा म्हणे.

"लेकराचा सदरा गेलाच होता की! धाग्याची खूण होती त्याला. कुठं गेली?" मोठ्या मायने विचारले.

वरठी म्हणाला, "धागा भट्टीत टिकतो का बाई? मी तो काय दातात धरून ठेवू?"

चाचा म्हणाले, "मी पट्टी लावून देतो. वर रेशमानं नाव काढतो."

"पट्टी दगडावर फाटंल, चाचा. जाताना खालचं कापडही घेऊन जाईल."

"तर तू हळू आपट ना."

"हळू आपटलं तर बाई म्हणतात मळ निघाला नाही. जोरात आपटलं तर तुम्ही म्हणता पट्टी निघाली. मी मधल्या मधी आपटतो, चाललं?"

चाचा हसले. "मग तुझा बिब्बाच लाव बाबा. बिब्बा अन् बायकोचा टोमणा, दोन्ही धुऊन जात नाहीत."

वरठ्याने कमरेच्या पिशवीतून बिब्ब्याचे फळ काढले. त्यात सुई टोचायची, टोकाला आलेल्या रसाने कापडावर खूण काढायची आणि लगेच वर ओला चुना दाबायचा. क्षणात खूण काळी पडते आणि कापड असेपर्यंत राहते. वरठी अक्षरे लिहीत नसे. गल्लीतल्या प्रत्येक घराची त्याच्याकडे एक खूण होती. मोठ्या बाबांच्या घराची खूण एक रेघ आणि तीन ठिपके. सुई हातात घेऊन तो थांबला.

"पोरगा पाहुणा का घरचा? पाहुण्याची खूण मी निराळी करत असतो."

मोठ्या मायने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

"घरचा," ती म्हणाली.

चार सदरे, तीन चड्ड्या, दोन टोप्या आणि पंचा. वरठ्याला पाव तासही लागला नाही.

दिवाळीला मोठ्या बाबांनी मला पाच दिवसांसाठी सोनाळ्याला नेले. मायने पहिल्याच सकाळी माझा सदरा धुवायला घेतला आणि कॉलर उलटली. तिने राखेने घासले, लिंबाने घासले, शिकेकाई लावून उन्हात टाकले. थोरला भाऊ बाजूला उभा होता.

"माय, बिब्बा हाय तो. तुये हात झिजतीन, पन तो नाही जानार."

"तू जाय तिकडं," माय म्हणाली.

तिने कात्री घेतली आणि रेघ व तीन ठिपके असलेला तुकडा कापून काढला. बाबांच्या जुन्या धोतराचे ठिगळ लावले आणि त्यावर दोन फुल्या घातल्या. असे चारही सदऱ्यांना केले. मोठे बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांना ते दिसत होते.

परत गेल्यावर मोठ्या मायने गाठोडे सोडले आणि ठिगळावरून बोट फिरवले. "टाका बारीक आहे तिचा," एवढेच म्हणाली. सोमवारी वरठ्याने ठिगळाला लागून पुन्हा रेघ आणि तीन ठिपके काढले. कार्तिक संपेपर्यंत मायच्या फुल्या भट्टीत गेल्या. मोठ्या मायची खूण राहिली. वर्गात मागे बसणारा मुलगा विचारी, "हे ठिगळ अन् हे ठिपके कामून रे तुझ्या मानेवर?" मी कॉलर आत दुमडून बसू लागलो.

अखजीला दीड महिना उरला होता. माझा हिशेब साधा होता. धागा जातो, बिब्बा राहतो; तेव्हा मायची खूण बिब्ब्याने काढली की तीही राहील. मग मी दोन्हीकडचा असेन आणि निकाल एकाच बाजूने लागणार नाही. मोठे बाबा टाचेच्या भेगांसाठी बिब्बे ठेवीत, ते देवळीत होते. होळीनंतरच्या एका दुपारी मोठी माय हळदीकुंकवाला गेली असताना मी एक फळ घेतले, सुई घेतली आणि चारही सदऱ्यांच्या कॉलरवर आतून दोन-दोन फुल्या काढल्या. चुना लावला नाही. तो मोठ्या बाबांच्या पानाच्या डबीत, म्हणजे त्यांच्या खिशात होता; आणि चुना रंग काळा यावा म्हणून लावतात, असा माझा समज होता; रसाची आगही तो मारतो हे मला माहीत नव्हते. त्यातलाच एक सदरा मी लगेच अंगात घातला आणि उन्हात खेळायला गेलो.

बिब्बा सगळ्यांना उतत नाही. मला उतला. दुसऱ्या सकाळी मान पेटल्यासारखी झाली, संध्याकाळपर्यंत फोड आले, तिसऱ्या दिवशी डोळे उघडत नव्हते आणि अंगात ताप होता. मोठी माय तीळ आणि खोबरे वाटून मानेला लावी, तेच मला खायला घाली. तिने एकदाच विचारले, "कामून केलंस?" मी कूस वळवली.

सोनाळ्याला पत्र गेल्याचे मला कळले. त्यानंतर दोन दिवसांत मला बरे वाटू लागले. ते मी कोणाला सांगितले नाही. कण्हणे चालू ठेवले. माय येईल, मान पाहील आणि मला घेऊन जाईल, याची मला खात्री होती.

सहाव्या दिवशी माय आणि बाबा आले. मायने माझी मान पाहिली, कपाळ चाचपले आणि पाण्यासाठी उठली. तांब्या मोठे बाबा घेऊन आले. मोठ्या मायचे दोन्ही हात पदराखाली होते.

"बाई, हाताले काय झालं?" मायने विचारले.

"काही नाही. उतलाय थोडा."

मायने पदर बाजूला केला. फोड फुटले होते आणि बोटांची कातडी सोलवटून निघत होती. एकही बोट मिटत नव्हते.

"मंग भाकर कोन करते?"

"तुझे भासरे थापतात. कालची चार कोपऱ्यांची झाली होती," मोठी माय नवऱ्याकडे पाहत म्हणाली.

मोठे बाबा म्हणाले, "पोट भरलं ना? कोपरे काय मोजता?"

बाबा दुसऱ्या दिवशी परत गेले. माय आठ दिवस राहिली. ती स्वयंपाक करी, मला भरवी आणि मग मोठ्या मायला घास करून देई, कारण तिला भाकर मोडता येत नव्हती. मी आतल्या खाटेवर डोळे मिटून पडलेला असे. चौथ्या की पाचव्या दिवशी जेवताना दोघींचे बोलणे झाले. मी झोपलो आहे असे त्यांना वाटत होते.

"ने त्याला," मोठी माय म्हणाली. "अखजीची वाट पाहू नको. त्यानं तुझी खूण काढली होती. मी पाहिली."

मायने भाकर मोडल्याचा आवाज आला.

"वरठ्यानं विचारलं होतं, पाहुणा का घरचा म्हणून. तेव्हाच मी जरा थांबायला पाहिजे होतं. घाई झाली माझी."

"सदरे तुमीच चोळून धुतले?"

"रस वाळायच्या आत निघंल असं वाटलं."

"बिब्बा हाय हे समजलं नाही?"

"समजलं की. मानेवरून समजलं."

"मी काठीनं उचलले असते," माय म्हणाली.

"त्याच्या अंगाला लागलेलं होतं ते. काठीनं काय उचलू?"

मग मायने घास पुढे केला असावा, कारण मोठी माय म्हणाली, "पुरे आता." मी 'ने त्याला' एवढे धरून बसलो. बाकीचे मला महत्त्वाचे वाटले नाही.

मायला न्यायला बाबा आले त्या दिवशी मी आंघोळ करून टोपी घालून ओसरीवर बसलो. शाळेची पाटी आणि पुस्तके फडक्यात बांधून शेजारी ठेवली होती. माय बाहेर आली, तिने फडके उचलले, आत नेऊन ठेवले आणि परत आली.

"टोपी काढ. ऊन नाही अजून," ती म्हणाली.

"माय, त्या म्हनल्या ने म्हनून. मी आयकलं."

"आयकलं ना? मंग मी नेतो म्हनलो, असं आयकलं का?"

"मले नाही राह्यचं इथं."

"मले माहीत हाय." ती माझ्या मानेवरची खपली पाहत होती. "राह्य."

मोठी माय दारात उभी होती. हातांना तिने तेलाची फडकी गुंडाळली होती. मायने तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "अखजीले येतो आमी. भटजीले सांगून ठेवा." मोठी माय रडू लागली. तिला डोळे पुसता येईनात; मायने पुसले. त्या दोघींत मला शिरता येईल अशी जागा नव्हती.

नाक्यापर्यंत मला जाऊ दिले. त्या बाजूला मी आल्यापासून पहिल्यांदाच जात होतो. मोटार उभी होती. बाबा टपावर गाठोडे चढवत असताना माय माझ्याशी बोलली. आवाज नेहमीचा होता.

"अखजीनंतर मले काकू म्हनजो. लोकाईसमोर चुकू नको. त्याईले वाईट वाटते."

मी हो म्हणालो की नाही, हे आठवत नाही. मोटार चिखलीच्या रस्त्याला लागली.

ते चारही सदरे जमिनीत पुरून टाकले होते. विधीसाठी चाचांनी नवे शिवले आणि वरठ्याने काही न विचारता त्यांवर खूण केली. अखजीला मायने माझा हात मोठ्या मायच्या हातात दिला. तिची बोटे तोवर बरी झाली होती, फक्त कातडी नवी आणि गुलाबी होती. शाळेतल्या कोऱ्या जागेत मास्तरांनी नाव भरले.

मायला मी पुढे काकू म्हटले नाही. माय म्हणण्याची सोय नव्हती. ती आणखी एकतीस वर्षे जगली. सणासुदीला, लग्नकार्यांत, शेवटच्या आजारात मी तिच्याशी बोललो. पण बोलण्याआधी तिच्या समोर जाऊन उभा राही, तिने वर पाहण्याची वाट पाही, आणि मग बोलायला सुरुवात करी.