धारहून निघणारे मेल

आमच्या तोलकाट्यांच्या दुकानाचे मेल व्यापाऱ्यांच्या स्पॅममध्ये जाऊ लागले, तेव्हा डोमेनच्या सेटिंग्जमध्ये डोकं घालायची पाळी माझ्यावर आली. आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरवरून मेल निघतात, याची नोंद तिथे करायची असते. नोंदीबाहेरून काही आलं, तर घेणाऱ्याला ते संशयास्पद आहे असं कळतं. देवासची बाजू मी बघतो, धारची माझा चुलतभाऊ. बाबांच्या माघारी हा धंदा मला त्यानेच शिकवला. म्हणून आधी त्याला फोन केला.

"दादा, तू आणखी कुठून मेल पाठवतोस का? सगळं नोंदवावं लागतं."

"कुठून पाठवणार रे? आपल्या ऑफिसच्याच मेलवरून. तू उगाच इंजिनिअर होऊ नकोस."

मी एकच सर्व्हर नोंदवला. बाहेरचे मेल लगेच अडवत नाहीत. आधी काही आठवडे नुसती पाहणी ठेवतात आणि आपल्या नावाने कुठून मेल निघाले याचे रिपोर्ट येत राहतात. मजकूर त्यात नसतो. पहिल्याच आठवड्यात आमच्या नावाचे काही मेल दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून निघालेले दिसले. दादाच्या मेहुण्याने धारला नुकतीच काढलेली कंपनी, तीही तोलकाट्यांचीच.

काहीतरी चुकून झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग राजगढच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. "भिया, आपके यहाँ से मेल आया है कि अब सर्विस नई कंपनी देखेगी. अलग हो रहे हो क्या?"

"पूछकर बताता हूँ," मी म्हणालो. विचारलं मात्र नाही.

दादा दर सोमवारी देवासला येई. शेव घातलेले पोहे खाता खाता धारजवळच्या तिरला गावातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगे. मी सकाळीच रिपोर्ट पाहिलेला असे, तरी हसून ऐकत राही. तो आपणहून बोलेल याची वाट पाहत होतो, की त्याला पकडण्यात मला गोडी लागली होती, हे आज खात्रीने सांगता येत नाही. तो ते न सांगताच उठला की नव्याने फसवल्यासारखं वाटे. शेवटी त्याला न सांगताच मी पाहणी संपवली आणि नोंदीबाहेरचे मेल नाकारावेत अशी सूचना टाकली.

त्या सोमवारी तो आला नाही, फोन आला.

"माझे मेल परत येतायत. तू काही केलंस?"

"ऑफिसवरून पाठवलेले परत येणार नाहीत, दादा."

तो म्हणाला, "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि माझ्यासमोर बसून पोहे खात होतास."

"तूसुद्धा."

"बरं, तो सर्व्हर टाक यादीत. महिनाभर तरी. मेहुण्याला शब्द दिलाय मी."

मी नाही म्हणालो. त्याला नाही असं मी पहिल्यांदाच म्हटलं असेल. आता आम्ही वेगळे झालो आहोत, धारची गिऱ्हाइकं त्याच्याकडे आहेत आणि सोमवारी कोणी येत नाही. मी वेळेवर विचारायला हवं होतं, ही माझी चूक मी नाकारत नाही. पण मी विचारलं होतंच की, अगदी सुरुवातीला, आणि त्याने क्षणभरही न अडखळता मला उत्तर दिलं होतं.