दोघांत एक स्टेपनी

दादा आणि त्यांच्या धाकट्या भावाने जोडीने पिकअप घेतल्या तेव्हा दोन्ही गाड्या अगदी जुळ्या होत्या. मागचा एक्सल सारखा, चाकं सहा बोल्टची. ह्याचं चाक त्याला बिनबोभाट लागायचं. म्हणून दोघांत मिळून स्टेपनी एकच, ती धाकट्याच्या गाडीत, आणि जॅक-पाना दादांच्या. लोकांचं घरसामान पोचवायला दोघे पुढेमागे निघायचे. पंक्चर झालं की चाक बदलायचं आणि त्या काढलेल्या चाकावरच बसून चहा प्यायचा. काय दिवस होते ते!

मग धाकट्याने गाडी बदलली. नवी गाडी दणकट, एक्सल जाडजूड, पण चाकाला भोकं पाच. दादांनी सवयीने आपल्या गाडीचं चाक तिच्या चाकाशेजारी धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. घेण्याआधी निदान विचारायचं तरी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते म्हणायचं राहून गेलं आणि मनात अढी बसली. कामं वेगळी झाली, बोलणं ‘बरं आहे ना’वर आलं.

गॅरेजवाल्याने एकदा सुचवलं, तुमचाही एक्सल ब्रेकच्या ड्रमसकट बदलू, चाकं पुन्हा सारखी होतील. दादा त्याच्यावरच उखडले. नवी स्टेपनी घ्या म्हणून बायको कानीकपाळी ओरडून थकली. दादांचं उत्तर ठरलेलं, स्टेपनी धाकट्याकडे असते. हा शुद्ध हट्ट आहे हे त्यांनाही कळत होतं. पण स्टेपनी विकत घेणं म्हणजे भाऊ तुटला हे कबूल करणं, आणि तेवढं त्यांच्याच्याने होत नव्हतं.

अशी काही वर्षं निभावलं. मग एका दुपारी, मागे कुणाचं तरी लाकडी कपाट बांधलेलं असताना, भर चढावर मागचं चाक गेलं. दादांनी नाइलाजाने बायकोला फोन केला. तिने कुणाला कळवलं कोण जाणे, आला तो धाकटा. पाच भोकांचं चाक घेऊन जखमेवर मीठ चोळायला आलाय, असं दादांना वाटलं आणि त्यांनी मान फिरवली.

धाकट्याने मागची फळी पाडून चाक खाली सोडलं. दादांनी न राहवून भोकं मोजली. सहा होती. कडेला दोघांनी मिळून फासलेला निळा रंग अजून जागोजागी तग धरून होता. जुनी गाडी विकताना त्याने ते काढून ठेवलं होतं. नव्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, तरी ते मागे जागा अडवून फिरत होतं.

दादांनी टायरवर बुक्की मारून पाहिली. टणक लागला.

“ह्यात हवा कशी?”

“भरतो अधूनमधून,” धाकटा म्हणाला. “तुझ्याकडे स्टेपनी नसते, मला माहीत नाही का?”

दादांना भरून आलं. नट आवळताना पाना दोनदा निसटला, आणि धाकट्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मग त्यांनी पंक्चर झालेलं चाक उचललं आणि धाकट्याच्या गाडीत टाकलं.

“पंक्चर काढून घे,” ते म्हणाले, “आणि ठेव तुझ्याकडेच.”